जुना झेलकरी ठेवावा कीं सोडावा?

या सदरांत खेळांचा विषय क्वचितच निघतो, आणि निघाला तरी क्रिकेटची वेस ओलांडून सहसा पलीकडे जात नाहीं. आज ती वेस ओलांडून आम्ही वाचकांस थेट अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं नेणार आहों. ज्यांचीं मुलें नोकरीनिमित्त त्या बाजूस, सान्ता क्लॅरा किंवा सॅन होझे येथें, राहतात त्यांनीं ‘फॉर्टी-नाइनर्स’ या संघाचें नांव ऐकलें असेल. २०१४ पासून त्या संघाचें मैदान सान्ता क्लॅरा येथेंच आहे. प्रश्न त्या संघाचा, काळ २०००-२००१ चा, आणि माणूस जेरी राइस. वय ३८, त्यांतील १६ वर्षें एकाच संघांत गेलेलीं, आणि आपल्या कामांत आजवर झालेल्या सर्वांहून श्रेष्ठ अशी कीर्ति. अशा खेळाडूस संघानें ठेवावें कीं सोडावें?

प्रथम त्या खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचा चेंडूशीं संबंध फार थोडा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता; तो हातांत धरून किंवा हातानें फेकून प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे न्यावयाचा. फेकणारा तो क्वार्टरबॅक. आणि रांगेच्या अगदीं टोकास जो एकटा उभा असतो व इशारा होतांच धांवत सुटून फेकलेला चेंडू झेलतो, तो वाइड रिसीव्हर. सोयीसाठीं आपण त्यास झेलकरी म्हणूं. त्याची वाट आधींच ठरलेली असते. इतकीं पावलें सरळ, मग एकदम आंत, किंवा बाहेर, किंवा गर्रकन् मागें. मौज अशी कीं, झेलकरी वळण्यापूर्वींच पुष्कळदां चेंडू फेकणाऱ्याच्या हातून सुटलेला असतो. जेथें माणूस नाहीं तेथें चेंडू जातो, आणि तो पोंचण्याच्या क्षणीं माणूस तेथें असावा लागतो. पाऊल जरा चुकलें कीं चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं! तेव्हां या कामांत पायांचा वेग हवा हें खरें. परंतु वाटेची जाण त्याहून अधिक हवी. वेग वयाबरोबर उतरतो, जाण वयाबरोबर चढते. जुन्या झेलकऱ्याचा वाद निघतो तो यामुळें.

राइस यांचा जन्म १९६२ चा, मिसिसिपी राज्यांतला. वडील गवंडी. उन्हाळ्यांत मुलांनीं वडिलांच्या हाताखालीं काम करावयाचें. भावानें खालून विटा फेकाव्या आणि जेरीनें परांचीवर उभें राहून त्या झेलाव्या. पुढें ज्या हातांची ख्याति झाली ते असे तयार झाले. मोठ्या विद्यापीठांचें बोलावणें आलें नाहीं. मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांच्या एका लहानशा विद्यापीठाकडून ते खेळले. १९८५ मध्यें फॉर्टी-नाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनीं निवडीचा वरचा क्रमांक दुसऱ्या संघाकडून मिळवून त्यांस उचललें. पहिल्या वर्षीं चेंडू हातांतून निसटत, आणि घरचेच प्रेक्षक हुर्यो करीत. त्यावर राइस यांनीं शोधलेला उपाय गवंड्याच्या मुलास शोभेसाच होता. सॅन कार्लोस येथील टेकडीची अडीच मैलांची चढणीची वाट, हंगाम संपला तरी, ते धांवत चढूं लागले. त्यांच्याबरोबर धांवावयास आलेले तरुण खेळाडू वाटेंतच बसकण मारीत, अशी तिची ख्याति आहे.

जानेवारी १९८९ च्या अंतिम सामन्यांत ११ झेल व २१५ यार्ड. १९९५ च्या हंगामांत १२२ झेल व १,८४८ यार्ड. संघाची तीन अजिंक्यपदें त्यांच्या काळांतलीं. पहिल्या बारा हंगामांत दुखापतीमुळें एकहि सामना चुकला नव्हता. मग ऑगस्ट १९९७ मध्यें गुडघ्याचा बंध तुटला. वय ३४. शस्त्रक्रिया झाली, आणि अवघ्या साडेतीन महिन्यांनीं, डिसेंबरांत, ते पुन्हां मैदानावर उतरले! त्या सामन्यांत चेंडू झेलून गुण मिळवितांना ते असे आदळले कीं, त्याच गुडघ्याची वाटी फुटली. उतावीळपणा खराच. परंतु १९९८ मध्यें त्यांनीं पुन्हां ८२ झेल घेतले.

आतां संघाची बाजू. १९९४ पासून तेथील प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास लीगनें कमाल मर्यादा घातली आहे. २००१ सालीं ती सुमारें ६ कोटी ७४ लाख डॉलर होती, आणि तेवढ्यांत ५३ माणसांचा प्रपंच चालवावयाचा. मालक कितीहि धनाढ्य असो, एका खेळाडूस अधिक दिलें कीं दुसऱ्याचें कमी झालेंच पाहिजे. फॉर्टी-नाइनर्सनीं वैभवाच्या काळांत मोठमोठ्या रकमा देऊन त्यांचा बोजा पुढील वर्षांच्या हिशेबावर ढकलला होता, आणि तीं पुढील वर्षें येऊन ठेपलीं होतीं. १९९९ मध्यें १६ पैकीं केवळ ४ सामने जिंकले. २००० मध्यें ६. घर नव्यानें उभारावयाचें, आणि तिजोरींत खडखडाट! तशांत १९९९ पासून व्यवस्थापनाच्या गादीवर कोण, तर ज्यांनीं राइस यांस निवडलें तेच बिल वॉल्श. खेळाडूची उतरती कळा दिसूं लागण्याआधींच त्याचा निरोप घ्यावा, हें त्यांचें जुनें धोरण होतें.

शिवाय संघांत वारस तयार होता. टेरेल ओवेन्स हा १९९६ मध्यें आलेला उंचापुरा, दणकट जवान राइस यांच्याच हाताशीं वाढला. १७ डिसेंबर २००० रोजीं कॅन्डलस्टिक मैदानावर शिकागोच्या संघाशीं सामना होता. घरच्या मैदानावर राइस यांचा हा शेवटचा दिवस, हें सर्वांस ठाऊक होतें; लोक आले होते ते त्यांना निरोप देण्यासाठीं. त्या दिवशीं ओवेन्सनें एका सामन्यांत २० झेल घेतले. टॉम फिअर्स यांचा १८ झेलांचा १९५० पासूनचा विक्रम त्यानें मोडला, आणि तोहि कोणाच्या निरोपसमारंभांत! आम्हांस राहून राहून वाटतें कीं, त्या सायंकाळीं टाळ्यांच्या गजरांत राइस यांच्या मनांत काय चाललें असेल? शिष्याकडून पराजय इच्छावा असें आपल्याकडे म्हणतात. पण तो नेमका आपल्या निरोपाच्या दिवशींच व्हावा, अशी इच्छा कोणी करील असें वाटत नाहीं. ओवेन्सचा तरी यांत दोष काय? चेंडू त्याच्याकडे आला, त्यानें तो झेलला.

चेंडू एकच असतो, ही गोष्ट जुन्या खेळाडूच्या कैवाऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं. पंगतींत वाढपी एक, आणि ताटें मांडून बसलेले अनेक. राइस यांस दिलेला प्रत्येक चेंडू ओवेन्सच्या ताटांतून काढलेला. २००० च्या हंगामांत ओवेन्सचे झेल ९७ व यार्ड १,४५१. राइस यांचे झेल ७५ व यार्ड ८०५. एका झेलामागें किती यार्ड पडले हें पाहिलें तर १९९५ मध्यें राइस यांचें प्रमाण पंधरांहून थोडें अधिक होतें, तें २००० मध्यें पावणेअकरांवर आलें. ओवेन्सचें जवळजवळ पंधरा. हे आंकडे समोर ठेवून कोणाहि कारकुनानें हाच निकाल दिला असता कीं, गृहस्थ संपले.

जून २००१ मध्यें संघानें राइस यांस मुक्त केलें, आणि ते लगोलग खाडीपलीकडच्या ऑकलंडच्या ‘रेडर्स’ संघास मिळाले. (तो संघहि पुढें २०२० मध्यें लास व्हेगासला गेला.) पुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकास, एवढाच प्रवास. ऑकलंडची रीत निराळी होती. तेथें फेकणारे रिच गॅनन पस्तिशींतले, दुसरे झेलकरी टिम ब्राउन तेहि पस्तिशींतले. जाणत्या माणसांचीच पंगत. तेथें राइस यांनीं पहिल्या वर्षीं ८३ झेल व १,१३९ यार्ड केले. दुसऱ्या वर्षीं ९२ झेल व १,२११ यार्ड. त्या दुसऱ्या हंगामांत त्यांस चाळीस वर्षें पूर्ण झालीं, आणि जानेवारी २००३ मध्यें संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. सामना हरला खरा. पण त्यांतहि राइस यांनीं ४८ यार्डांचा एक चेंडू झेलून सीमा गांठली.

वाचकांनीं आतां तें झेलामागील यार्डांचें प्रमाण पुन्हां पाहावें. पावणेअकरांवर आलेलें तें ऑकलंडला तेरा आणि पावणेचौदांच्या दरम्यान राहिलें. दोन वर्षांनीं वय वाढलें, आणि प्रमाण घटण्याऐवजीं चढलें! पाय तर तरुण झाले नव्हते. मग पालटलें काय? पालटली ती जागा. सॅन फ्रॅन्सिस्कोला लांबच्या वाटा वारसाच्या वांट्यास गेल्या होत्या, आणि उरलेल्या आंखूड वाटांवरून थोरल्याची उंची मोजली जात होती. घराघरांतून हें घडतें; थोरल्या सुनेच्या हातीं स्वयंपाक गेल्यावर सासूबाईंच्या हाताची चव गेली असें म्हणणारे निघतातच. त्यांना चुलीपाशीं कोणी बसूं दिलें आहे?

म्हणून फॉर्टी-नाइनर्सचें चुकलें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. आमचें मत याच्या उलट आहे. संघानें राइस यांस सोडलें तें योग्यच केलें. त्यांच्यावांचून २००१ मध्यें संघानें १२ सामने जिंकले. ओवेन्सनें १६ वेळां सीमा गांठली. ऑकलंडला मिळाली तशी जागा राइस यांस आपल्या घरीं देणें फॉर्टी-नाइनर्सना शक्यच नव्हतें. तिजोरींत नाणें नव्हतें आणि पंगतींत पाट नव्हता. ज्याला पुरेसें काम देतां येत नाहीं त्यास केवळ मानासाठीं अडकवून ठेवणें, हें त्याच्या कलेवर अन्याय करणें होय. चुकले ते लोक, ज्यांनीं सोडण्याचें कारण ‘ते संपले’ असें सांगितलें. निर्णय बरोबर आणि कारण चूक, असें पुष्कळदां असतें. आणि माणसाच्या जिव्हारीं लागतें तें कारण, निर्णय नव्हे.

सोडण्यावांचून गत्यंतरच नसतें, असेंहि नाहीं. ॲरिझोनाच्या ‘कार्डिनल्स’ संघाचे लॅरी फिट्झजेराल्ड यांचें उदाहरण आम्हांस या संदर्भांत फार मोलाचें वाटतें. २००४ ते २०२० अशीं १७ वर्षें ते त्या एकाच संघांत होते. २०१३ मध्यें ब्रूस एरियन्स हे प्रशिक्षक आले आणि त्यांनीं, वेग ओसरूं लागलेल्या या झेलकऱ्यास, रांगेच्या टोकावरून उचलून आंतल्या जागीं आणलें. तेथें धांव कमी, धक्काबुक्की फार, आणि दुसऱ्यासाठीं वाट मोकळी करण्याचें निनांवी काम पुष्कळ. दुसऱ्या वर्षीं आंकडे खालीं आले. ६३ झेलांपर्यंत उतरले. घाईच्या व्यवस्थापकानें तेवढ्यावर दार दाखविलें असतें. २०१५ मध्यें, ३२ व्या वर्षीं, फिट्झजेराल्ड यांनीं १०९ झेल घेतले. पुढील दोन वर्षें १०७ व पुन्हां १०९. जानेवारी २०१६ मध्यें ग्रीन बेशीं झालेल्या बाद फेरीच्या सामन्यांत, जादा वेळेंत, ७५ यार्ड धांवून आणि लगेच पुढचा झेल सीमेत नेऊन त्यांनींच सामना जिंकून दिला. या गोष्टीस दोन माणसें लागतात. थोरल्यासाठीं नवी जागा शोधणारा कारभारी एक. आणि त्या खालच्या पाटावर हंसतमुखानें बसणारा थोरला दुसरा.

राइस यांस तो पाट मानवला असता कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. २००४ च्या सप्टेंबरांत, ओळीनें २७४ सामन्यांत किमान एक तरी झेल घेण्याचा त्यांचा क्रम तुटला, आणि थोड्याच आठवड्यांत ते सिॲटलला गेले. २००५ मध्यें डेन्व्हरच्या संघांत त्यांनीं सराव केला. पण तेथें झेलकऱ्यांच्या रांगेंत खालचा क्रमांक मिळणार हें दिसतांच त्यांनीं निवृत्ति जाहीर केली. वय ४२. एकूण झेल १,५४९, यार्ड २२,८९५. ओवेन्स तोंवर सॅन फ्रॅन्सिस्को सोडून फिलाडेल्फियाला गेलाहि होता. ज्या वारसासाठीं घर रिकामें केलें तो त्या घरांत पुढें तीनच हंगाम राहिला.

ऑगस्ट २००६ मध्यें फॉर्टी-नाइनर्सनीं राइस यांस परत बोलावलें. खेळण्यासाठीं नव्हे, तर आपल्याच संघाचा खेळाडू म्हणून निवृत्त होतां यावें यासाठीं. करारपत्र रीतसर लिहिलें गेलें. रक्कम होती १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. १९८५ हें संघांत आल्याचें साल, ८० हा त्यांच्या अंगरख्यावरील क्रमांक, ०६ हें निवृत्तीचें वर्ष, आणि ४९ हा संघ. राइस यांनीं सही केली. त्या रकमेंतला एक सेंटहि द्यावयाचा नव्हता, आणि तो कोणी मागितलाहि नाहीं.