ओलं जळण आणि शहाणी माणसं

परवाच्या ग्रामसभेत विषय निघाला. शहराचा कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प आपल्या गायरानावर आणायचा म्हणे. पालिकेकडून आलेले साहेब बोलायला गोड होते. कचरा जाईल, वीज येईल, गावातल्या पोरांना काम लागेल. टाळ्याही पडल्या. मी उठून एकच विचारलं, "साहेब, कचरा ओला किती असतो?" तर म्हणाले, "काका, ते टेक्निकल आहे, मशीन सगळं बघतं."

मी दहावी पास माणूस. इंजिनिअर न्हाई. पण ज्यानं वीस हंगाम गुऱ्हाळ चालवलं त्याला निदान जळण तरी कोणी शिकवू नये.

गुऱ्हाळावरची माणसं सांगतील. चिपाड उन्हात चांगलं वाळल्याशिवाय आम्ही चुलवाणात घालत नाही. अवकाळी पावसात ढीग भिजला की झालं. काहील उकळायला दुप्पट वेळ, धूर डोळ्यात, आणि गुळाचा रंग गेला तो गेलाच. जाळ आधी पाण्यावर खर्च होतो, मग काहिलीला मिळतो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला ६०० किलोकॅलरीच्या वर उष्णता जाते. आपल्याकडच्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं: भाजीची देठं, शिळं अन्न, फळांच्या साली, आणि पावसाळ्यात वरून पाऊस. म्हणजे किलोमागे ३०० किलोकॅलरी नुसत्या ओलीवर खलास. राहिलेल्यात रस्ता झाडलेली माती, राख, विटांचा चुरा. ते काय जळणार?

कोणी म्हणेल, कारखान्याचं बगॅसपण निम्मं ओलंच असतं, त्यावर वीज होते की. होते. कारण उरलेला अर्धा भाग सगळा तंतू असतो, एकसारखा, रोज तोच. बगॅसमध्ये डायपर आणि फुटकी कौलं नसतात.

हे मी आज नवीन सांगत नाही. दिल्लीला तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या मदतीनं असाच प्रकल्प उभा केला होता. रोज ३०० टन कचरा जाळायचा, पावणेचार मेगावॅट वीज करायची. यंत्र धरून चाललं होतं किलोमागे १४०० किलोकॅलरीच्या वर उष्मांक. आला तो ६००-७००. जेमतेम तीन आठवडे चालून बंद पडला. देशातला पहिला धडा तो, आणि पस्तीस वर्षं होऊन गेली तरी गावोगावी तेच पाटीवर लिहून पुसतोय आपण.

बरं, कायदा काय म्हणत आला? २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याचा उष्मांक १५०० किलोकॅलरी किंवा जास्त आहे असा कचरा ऊर्जेसाठी वापरा. म्हणजे वेगळा केलेला, सुका. त्याच नियमांत ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा हेही लिहिलं होतं. आमच्या तालुक्याच्या गावाची घंटागाडी मी रोज बघतो. घरोघरी दोन डबे दिलेत, आणि गाडीत दोन्ही एकाच ढिगावर उलटे होतात. मग हा एकत्र रेंदा पेटवायचा कसा? त्यात प्लास्टिक, रबर, पुठ्ठा जास्त राहिला तर. म्हणजे भंगारवाला पैसे देऊन जे नेतो तेच भट्टीला पाहिजे. आणि अशा प्रकल्पांच्या करारात रोज इतके टन देण्याची हमी पालिकेकडून लिहून घेतात. एकदा ती सही झाली की कचरा कमी करण्यात, वेगळा करण्यात पालिकेला गोडी राहील का? तुम्हीच सांगा.

साहेबांनी स्वीडन-जपानचं नाव घेतलं. तिथं जाळतात, खरं आहे. तिथल्या कचऱ्यात कागद-वेष्टनं जास्त, आणि लोक घरातच वेगळा करून देतात. आपल्याकडेही मोशीला पिंपरी-चिंचवडचा १४ मेगावॅटचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. पण तो सुक्या कचऱ्यावर बेतलेला आहे, आणि त्याच्यामागे पंचवीस लाख वस्तीच्या शहराचा कचरा आणि तिजोरी आहे. आमच्या नगरपालिकेला रस्त्यावरचे दिवे बदलायचे तर दोन वर्षं लागतात. ती भट्टी ८५० अंशांच्या वर कायम ठेवणार, धूर त्या आचेत निदान दोन सेकंद राहील हे बघणार, धुराच्या गाळण्या वेळेवर बदलणार? आच खाली आली आणि त्यात पीव्हीसी प्लास्टिक असलं की डायॉक्सिन तयार होतं. ते दिसत नाही, वासही येत नाही. गवतावर बसतं, गवत म्हैस खाते, आणि ते दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. गायरान कशाला असतं हो? जनावरं चारायलाच ना? दिल्लीतच ओखल्याचा प्रकल्प राजधानीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालतो. तरी २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणानं त्याला २५ लाखांची भरपाई लावली. आमच्या माळावर कोण बघायला येणार आहे?

राखेचं तर कोणी बोललंच नाही. कचरा जाळला म्हणजे नाहीसा होत नाही. मातीमिश्रित कचऱ्याची चौथाई राख सहज उरते, आणि धुराच्या गाळणीत अडकलेल्या बारीक राखेत शिसं, कॅडमियम गोळा झालेलं असतं. ती टाकायला परत खड्डा लागणार. खड्डा कुठं? गायरानातच.

विजेचा दर ऐका. केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०१५ साली कचऱ्याच्या विजेला युनिटला ७ रुपयांच्या वर दर धरला होता. दोनच वर्षांनी राजस्थानात भाडल्याला सौर विजेची बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. आणि २०१६ च्या वीजदर धोरणाप्रमाणे कचऱ्याची वीज वीज कंपन्यांनी सगळीच्या सगळी घ्यायची आहे. ती महाग वीज शेवटी कोणाच्या बिलात येते ते सांगायला नको.

आता माझा खरा राग. शहरात गेलेला भाजीपाला, धान्य, फळं आपल्या रानातून गेलेली आहेत. त्याच्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाश गेलं, कर्ब गेला. माझ्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे, तुमचाही फार वेगळा नसेल. तो कर्ब आणि नत्र भट्टीत घालून हवेत सोडायचं, आणि आपण युरियाच्या रांगेत उभं राहायचं. कंपोस्टची इंदूर पद्धत हॉवर्डसाहेबानं १९३१ साली पुस्तकात मांडली, ती आपल्याच देशात शिकून. मग आपण ती विसरलो.

यावर दोन उलट बाजू आहेत, त्याही लिहितो.

एक, शहरी कंपोस्ट मी आणून बघितलंय. चार वर्षांपूर्वी दोन ट्रॉली आल्याच्या रानात टाकलं. पहिल्या खुरपणीला बाईच्या पायात काच गेली, तीन टाके पडले. पिशव्यांचे तुकडे अजून निघतात. तेव्हापासून बंद. केंद्रानं २०१६ साली शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपये विक्री-साहाय्य जाहीर केलं, पण काचेला अनुदान देऊन खत होत नाही. दोष कंपोस्टचा नाही. कचरा आधी एकत्र करून मग चाळला, तिथं घोळ आहे. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं कचरा आधीच वेगवेगळा घेऊन दाखवला, डेपो बघायला बाहेरून लोक जाऊ लागले. ते गावही काही श्रीमंत नाही.

दुसरी, साहेब जाता जाता म्हणाले, "तुम्ही पाचट पेटवता तेव्हा धूर होत नाही का?" खरं बोलले. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षं पाचट पेटवलं. नंतर एक आड एक सरीत दाबायला लागलो, आता रान भुसभुशीत झालंय, एक पाणी वाचतं. माझी चूक मला कळायला पंधरा वर्षं लागली. म्हणूनच म्हणतोय, तीच चूक सरकारी खर्चानं गायरानावर बांधू नका.

पुढची ग्रामसभा गुरुवारी आहे. मी तीन कागद मागणार आहे: जुलै-ऑगस्टमधल्या कचऱ्याचा ओलावा आणि उष्मांक तपासलेला अहवाल, राख कुठं टाकणार त्या जागेचा गट नंबर, आणि कचरा कमी पडला तर दंड कोण भरणार ते करारातलं कलम. कागद नसतील तर ठरावावर माझी सही नाही, आणि शेजारच्या आळीतल्या अकरा जणांनीही तसंच ठरवलंय.

पानावर कृषी विभागाची, विद्यापीठाची मंडळी आहेत म्हणून एक विचारतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला शिसं किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. हे तपासून देणारी प्रयोगशाळा आपल्या भागात कुठं आहे? माझ्या त्या आल्याच्या रानातली माती आणि उरलेलं अर्धं पोतं कंपोस्ट, दोन्ही द्यायचं आहे. नमुना किती लागतो आणि फी किती, तेवढं खाली लिहा.