मशीनला हप्ता, ताईला उपदेश

दातांच्या डॉक्टरांच्या कुठल्याही गेट-टुगेदरला जा, जेवणाच्या रांगेत दोनच विषय असतात. पहिला, कोणी कुठला स्कॅनर घेतला. दुसरा, "अगं, माझी मुलगी परत सोडून गेली." ही मुलगी म्हणजे पोटची नव्हे, क्लिनिकमधली मदतनीस. पहिल्या विषयावर चेहरे उजळतात, दुसऱ्यावर आठ्या पडतात. या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं कोणालाच वाटत नाही. मला वाटतं. आणि आज त्यावर भांडायचंच आहे, तेव्हा आमच्या नात्यातल्या दंतवैद्यांनी (तीन आहेत, घाटकोपर ते बोरिवली पसरलेले) मनाची तयारी ठेवावी.

मी लहान मुलांचे दात बघते. मुलुंड पश्चिमेला दीड खोलीचं क्लिनिक. ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चार वर्षांच्या मुलाच्या दाढेत सिमेंट भरायचं तर ती दाढ काही मिनिटं कोरडी राहायला हवी. तेवढ्या वेळात जीभ फिरते, लाळ सुटते, पाय उडतात, "मम्मीऽऽ" सुरू होतं. माझे दोन्ही हात तोंडात. मग सक्शन कोण धरणार? जीभ कोण अडवणार? सिमेंट कोण घोटणार? ते ओलसर चमकतंय तोवरच दाताला धरतं, चमक गेली की फेकून द्यायचं. पावडर किती, द्रव किती, आज हवा दमट आहे म्हणून घाई किती, हे सगळं हाताला कळावं लागतं. आणि हे मूल आता हात वर मारणार आहे हे अर्धा सेकंद आधी कोणाला कळणार? ताईला. आमच्या ताई दिव्याहून येतात. माझ्याकडे नऊ वर्षं आहेत. त्या सुट्टीवर असतात त्या दिवशी मी रडक्या मुलांच्या अपॉइंटमेंट घेत नाही. सरळ पुढे ढकलते.

तुम्ही म्हणाल, बाई यंत्रांच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. डिजिटल एक्स-रे आला तेव्हा मी आनंदाने फिल्म धुण्याचं द्रावण टाकून दिलं. स्कॅनरही चांगला. मापासाठी तोंडात तो गुलाबी लगदा भरला की निम्मी मुलं ओकायची, स्कॅनरने ते वाचतं. पण स्कॅनरची टोपी आठ वर्षांच्या पोराच्या तोंडात फिरताना गाल बाजूला ओढून धरायला माणूस लागतोच. लाफिंग गॅस द्यायचा तर मुलाकडे सतत लक्ष ठेवणारं दुसरं माणूस खोलीत हवंच. म्हणजे विकायला येणारे म्हणतात तसं यंत्र माणूस कमी करत नाही. उलट जास्त शिकलेला माणूस मागतं. हे विक्रेता सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

मध्यंतरी एकजण मुलांच्या डोळ्यांवर बांधायचे व्हीआर गॉगल घेऊन आला होता. मूल डायनासोर बघत बसतं, तुम्ही काम उरका, असं म्हणे. काही मुलांना उपयोग होत असेलही. पण आमच्या शाखेत 1959 पासून एक पद्धत शिकवतात, अॅडेल्स्टन नावाच्या डॉक्टरांनी मांडलेली. आधी सांगा, मग दाखवा, मग करा. पाण्याचा फवारा आधी मुलाच्या नखावर उडवायचा, मग दातावर. आता ज्याचे डोळे-कान बांधलेत त्याला सांगणार काय आणि दाखवणार काय? मूल डॉक्टरपेक्षा ताईच्या चेहऱ्याकडे जास्त बघत असतं. तिच्या कपाळावर आठी नाही ना, हे बघून ते तोंड उघडतं.

शिवाय गंमत बघा. गेल्या काही वर्षांत मुलांच्या दातांत ज्या दोन गोष्टींनी खरा फरक पडला, त्या दोन्ही स्वस्त आहेत. एक, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. थेंबभर औषध लावलं की बऱ्याच वेळा कीड थांबते, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. दुसरी, स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंची रीत: दुधाची दाढ न कोरता, भूल न देता, सिमेंट भरलेली स्टीलची टोपी थेट दाबून बसवायची. कीड आत कोंडली जाऊन उपाशी मरते. दोन्हींना वीजसुद्धा फारशी लागत नाही! पण औषधाने कीड काळी पडते. "अहो, दात काळा झाला" म्हणून घाबरलेल्या आजीला घरच्या भाषेत समजावणारं माणूस लागतं. माझं शास्त्रीय व्याख्यान आजी ऐकून घेतात, विश्वास ताईवर ठेवतात.

आता दुसरा विषय. मुली टिकत नाहीत. का टिकाव्यात? सकाळच्या गर्दीत दिव्याहून लोकलला लटकत यायचं, क्लिनिक झाडायचं, हत्यारं उकळायची, फोन घ्यायचे, रात्री साडेआठला शेवटचा पेशंट गेला की कचरा वेगळा करून निघायचं. पगार बाजारभावाने, म्हणजे शेजारचा डॉक्टर देतो तेवढाच, आणि तो माझ्याकडे बघून ठरवतो! पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो, आमच्याकडे माणसं दोन. (स्वेच्छेने लागू करून घेता येतो. किती जणांनी घेतलाय, हात वर करा.) तिकडे मॉलमध्ये एसी आहे, घरपोच किराण्याच्या गोदामात पाळी आठ तासांची ठरलेली आहे. ती गेली तर ती कृतघ्न नाही, तिला हिशेब येतो.

आणि तिची नोंद तरी कुठे आहे? 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात डॉक्टरांची नोंदवही होती, हायजिनिस्टची होती, कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकची होती. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईची नव्हती. न्यूझीलंडने 1921 पासून दोन वर्षांचं रीतसर शिक्षण देऊन तरुण मुलींना शाळाशाळांत मुलांचे दात तपासायला, भरायला पाठवलं. (पोरं त्या दवाखान्यांना 'खाटीकखाना' अशा अर्थाच्या नावाने ओळखायची, ते सोडा!) आपल्याकडे ताई काम शिकते ती आधीच्या ताईकडून, आणि जाताना सोबत घेऊन जाते.

न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. 1885 च्या सुमारास त्यांनी क्लिनिकात एका बाईला मदतनीस म्हणून नेमलं आणि बाहेर तशी पाटी लावली, म्हणजे बायका सोबतीशिवाय येऊ शकतील. दातांच्या एक्स-रेचाही पाया घालणाऱ्यांत हेच केल्स. त्या किरणांनी त्यांची बोटं गेली, मग हात गेला, आणि 1928 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. एकाच माणसाने यंत्रही आणलं आणि बाईही. आम्हाला शिकवताना त्यांचं नाव एक्स-रेच्या धड्यात आलं. त्या पाटीबद्दल मला फार नंतर कळलं.

आमच्या दादांचं (चुलत दीर, घाटकोपर) म्हणणं, "वहिनी, फी कुठून वाढवू? समोर मोठ्या साखळीचं क्लिनिक उघडलंय, तपासणी फुकट." खरं आहे. तिथे म्हणे नव्याने पास झालेली बीडीएस मुलंच सक्शन धरतात, कारण ती स्वस्त पडतात. पण दादा, याच अडचणीत तुम्ही लाखांचा स्कॅनर हप्त्यावर घेतलात ना? त्या हप्त्यासाठी फी कुठून आली? त्याच्या निम्म्यात तुमची मुलगी थांबली असती. मशीनची वार्षिक देखभाल तुम्ही न घासाघीस करता भरता, तिला दिवाळीला मिठाईचा डबा.

दादांचा शेवटचा मुद्दा नेहमीचाच, "शिकवली की दुसरा डॉक्टर पळवतो." पळवू दे की! निदान मुलुंडमधल्या आणखी एका क्लिनिकात सिमेंट नीट घोटलं जाईल. आणि पळवायला जो आकडा तो देतोय, तो तिला आधी आपल्या तोंडून ऐकू येऊ द्या. मी यंदा एप्रिलपासून तेच केलंय. स्कॅनरवाल्याला पुढच्या वर्षी या म्हटलं.