हेरिटेज कुणाच्या बापाचं?

पाळी सुटली की कधी कधी गोदीतून चालत ओव्हल मैदानात येऊन बूड टेकतो. एका अंगाला हायकोर्ट, राजाबाई टॉवर; सायबाचा दगड. दुसऱ्या अंगाला १९३०नंतरच्या शेटलोकांच्या सिमेंटच्या इमारती, गोल गोल गॅलऱ्यांच्या. २०१८ साली युनेस्कोनं दोन्हींना जागतिक वारसा म्हटलं. म्हणू दे. मलाही आवडतात. ओझी वाहणाऱ्याला दगड कुणी चढवला असेल ते पाठीतून कळतं.

पण आमची वरळीची बीडीडी चाळ ह्या गोल गॅलऱ्यांच्या आधीची, १९२०-२५च्या सुमाराची. तीही काँक्रीटचीच. ती म्हणे मोडकळीस आलेली आणि ते हेरिटेज! सिमेंट तेच, राहणारे वेगळे.

आता कुणी झोळीवाला येऊन 'चाळसंस्कृती वाचवा' म्हणाला, तर सकाळी सहाला त्याच्या हातात टमरेल देऊन आमच्या मजल्यावर रांगेत उभा करीन. १६० फुटांच्या खोलीत आम्ही सात जण. आई म्हणते, "तुला वारसा पायजे, मला घरात संडास पायजे." तिचं शंभर टक्के बरोबर. २०२५च्या ऑगस्टात वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० फुटांची घरं. टॉवर पायजेच. ओव्हलसमोरच्या इमारतीही एके काळी नव्या कोऱ्याच होत्या.

माझं भांडण वेगळं आहे. ५ जानेवारी १९७४ला पँथरची सभा ह्याच चाळींच्या मैदानात उधळली गेली. दंगल पेटली, लाठी चालली. १० तारखेला परळच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. हे मैदान, हे जिने कुणाच्या यादीत आहेत? राजाबाई टॉवरच्या पायरीला १९९५ची हेरिटेज नियमावली आणि आमच्या जिन्याला जेसीबी. एक तरी चाळ उभी ठेवा, जिन्यासकट, मोरीसकट. तिथं अभ्यासिका आम्ही चालवू. कारंजं आणि कोनशिला नकोत, त्या उद्घाटनापुरत्या असतात.

परवा चाळीत नकाशा दाखवायला एक टायवाला आला होता. पार्किंगचे मजले बोटानं मोजून दाखवले, लिफ्ट किती तेही सांगितलं. मी विचारलं, चौदा एप्रिलचा मंडप कुठं घालायचा? तो नकाशा उलटापालटा करत राहिला. मागून आई ओरडली, "आधी मंडपाचं सांग, मग सही."