खेळात राजकारण नको म्हणता, मग मैदान कुणाचं?

राब भाजून झालेत, बांध नीट केलेत, आता पावसाची वाट. येत्या ११ जूनला फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होतोय, म्हणजे आपण राबात भात पेरणार तेव्हाच. फायनल १९ जुलैची, आपल्याकडं ती रात्री साडेबाराला लागेल, आणि तेव्हा ऐन आवणी.

या पेजवर मी चिकू, मिरची आणि भाताचं लिहितो. आज फुटबॉलचं लिहितो, कारण गेल्या आठवड्यात आमच्या पाड्यावर पोरांच्या मैदानावरून वाद झाला. पोरं खेळतात त्या जागेवर रस्त्याच्या कामाची खडी येऊन पडली. पोरं विचारायला गेली, तर चार शहाणी माणसं म्हणाली, "खेळात राजकारण आणू नका रे."

मला हे वाक्य पटत नाही. मी १९८६ पासून फुटबॉल बघतो. मेक्सिकोचा वर्ल्डकप, मॅराडोना. घोलवडकडच्या एका इराणी बागायतदारानं ओट्यावर टीव्ही ठेवलेला, वाडीत चिकू तोडणारी आम्ही पोरं खाली अंगणात बसून बघायचो. त्यात अर्जेंटिना-इंग्लंड मॅच झाली. चार वर्षं आधी, १९८२ ला, ह्याच दोन देशांत फॉकलंड बेटांवरून लढाई झाली होती. त्या मॅचला नुसता खेळ कोण म्हणेल?

बरं, ते लांबचं झालं. आपल्या देशाचं बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं भारताच्या फेडरेशनला निलंबित केलं. कारण काय, तर कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप. दहा-बारा दिवसांनी ते उठवलं. आणि त्याच फिफानं ५ डिसेंबर २०२५ ला वर्ल्डकपच्या ड्रॉच्या कार्यक्रमात ट्रम्पसाहेबांना शांतता पुरस्कार दिला! आपल्याकडं झालं की हस्तक्षेप, त्यांच्याकडं झाला की सत्कार. मी अर्जेंटिनाचा जन्माचा चाहता, मॅच बघणारच. पण खेळ राजकारणापासून लांब असतो हे फिफानं तरी मला शिकवू नये.

आता आपल्या मातीतलं. तलासरीतलं झरी गाव सगळ्यांना माहीत आहे. १९४५ मध्ये तिथं किसान सभेची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्ध वारली उठले. गोदूताई परुळेकरांचं नाव आजही आपल्याकडं घरातल्या माणसासारखं घेतात. वेठ होती तेव्हा माणसाची सकाळ सावकाराची, संध्याकाळ पण सावकाराचीच. तेव्हा पोर चेंडू कधी खेळणार? आज पाड्यावरचं पोर पाच वाजता मैदानात पळतं, ती संध्याकाळ कुणीतरी भांडून मिळवलेली आहे. हे राजकारणच होतं, आणि चांगलं होतं.

वाईट राजकारण वेगळं. निवडणूक जवळ आली की चषक येतो, बॅनर येतो, जर्सीच्या छातीवर पुढाऱ्याचा फोटो येतो. मांडव, डीजे, बक्षीस. चौथ्या दिवशी मांडव निघतो आणि मैदानात राहतात खड्डे. सगळेच पक्ष करतात, कुणा एकाला बोलत नाही. जर्सी जरूर घ्या, फुकट आहे. पण जर्सी देणाऱ्याला मैदानाचं विचारायचंच नाही, हा कुठला नियम?

१५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? मुलांचा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात होता, नवी मुंबईतही मॅचेस होत्या, म्हणून सरकारनं राज्यभर एकाच दिवशी पोरांना फुटबॉल खेळवला. कल्पना चांगली होती. आमच्याकडच्या पोरांना चेंडू मिळाला, तो दिवाळीपर्यंत करवंदीच्या काट्यात गेला. चेंडू एक हंगाम टिकतो हो. जागा टिकली तर चेंडू पोरं वर्गणी काढून आणतात.

झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम ओरांव माहीत असेल. २०२२ ला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये ती भारताची कॅप्टन होती. पोरीचं नाव झालं म्हणून प्रशासनानं तिच्या घराकडं रस्ता करायला घेतला, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईबाप रोजंदारीनं काम करत होते. ही बातमी वाचून मी बराच वेळ गप्प होतो. आधी रस्ता का नाही? कॅप्टन झाल्यावरच का?

आणि पोरींचं निघालंच आहे तर घरातलं पण राजकारण लिहितो. आपले पुरुष गेल्या ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरले आणि २०२७ च्या आशिया कपच्या बाहेर गेले. पोरींनी जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून आपला आशिया कप गाठला. हे मी घरी मोठ्यानं सांगितलं, तर आमची धाकटी म्हणाली, "बाबा, मग मला पाच वाजता पाणी भरायला का सांगता?"

काय बोलणार? थोरला वापीच्या कंपनीतून येतो, पिशवी टाकतो, मैदानात जातो. त्याला कुणी काही विचारत नाही. धाकटी निघाली की हंडा दिसतो, चूल दिसते, मिरचीची खुडणी दिसते. हिची आई तर मलाच म्हणते, "रात्रीची मॅच तुमची, सकाळची मिरची माझी." तिचं पण बरोबर आहे. म्हणून घरात ठरवलंय: मंगळवार, गुरुवार पाणी थोरल्यानं भरायचं. आवणीच्या दिवसांत मी फक्त अर्जेंटिनाच्या मॅचेस बघायच्या, आणि सकाळी सगळ्यांबरोबर चिखलात. थोरला दोन दिवस फुगून होता. फुगू दे.

आता खडीचं. आपले दोन्ही तालुके पेसात आहेत, ग्रामसभेला वजन आहे. वाढवण बंदरावरून आपल्याकडं एका घरात दोन बाजू झाल्यात, ते मला माहीत आहे. पण पोरांच्या जागेवर दोन्ही बाजूंची पोरं खेळतात. पुढच्या ग्रामसभेत मी विषय देणार आहे: जागा मैदान म्हणून ठरावात लिहायची, मापं टाकून, चारी बाजूच्या खुणा लिहून. तोंडी मैदानावर उद्या कुणीही खडी टाकेल.

ठराव झाला की काम आपल्या हातचं आहे. आधी खडी हलवायची. मग मैदान मधे वीतभर उंच धरून कडेला उतार द्यायचा, भोवती चर काढायचा, नाहीतर आपल्या पावसात तिथं भातच लावावं लागेल. सुरुवातीच्या पावसात बांधावरची हरळी आणून लावायची. शेतात जिला शिव्या देतो ती हरळी इथं कामाची. कृषीवाल्या मित्रांना मैदानासाठी याहून बरं गवत माहीत असेल तर सांगा, पण पाणी न देता उन्हाळा काढणारं हवं.

ग्रामसभा झाली की काय झालं ते लिहितो. तोवर वाडीत खाली पडलेले चिकू रोज वेचून खड्ड्यात गाडा, बी पोखरणारी अळी त्यातच वाढते.