‘पुन्हा टाकून पाहा’ म्हणणाऱ्या सरांना

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. भिवापूरच्या माणसाला तेवढा हक्क असावा.

एडिटरमध्ये डीबगर चालत नाही, असं पोरांनी म्हटलं की प्रॅक्टिकलला एकच औषध मिळतं... अनइन्स्टॉल कर, पुन्हा टाक. माझी नात नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. तिने दोनदा टाकलं, आणि दोन्ही वेळा तीच एरर. आता मला सांगा, पोराला भागाकार जमला नाही तर आपण त्याला नवी पाटी आणून देतो का?

एडिटर आणि डीबगर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, हेच कोणी शिकवत नाही. व्हीएस कोडमध्ये आपण लिहितो. चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवतो तो जीडीबी. तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला, म्हणजे व्हीएस कोडच्या कितीतरी आधी. जीडीबी कुठे ठेवलाय, हे एडिटरला ‘लाँच.जेसन’ या फायलीतून कळतं. पोरं ही फाईल दुसऱ्याची जशीच्या तशी उतरवतात. नातीच्या फायलीत विंडोजचा पत्ता होता आणि मशीन होतं उबंटूचं!

मी जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं. वाक्य समोर आलं की आधी कर्ता शोधायचा. इथेही तेच करा ना. ‘डीबगरचा पाथ चुकीचा आहे’ हे एडिटरच्या बाजूने आलेलं वाक्य. तो जीडीबीपर्यंत पोचलेलाच नाही. ‘डीबगिंग सिंबॉल्स सापडले नाहीत’ हे जीडीबी म्हणतो, म्हणजे जोडणी ठीक आहे, कंपाइल करताना ‘-जी’ लावायचं राहिलं. ‘सोर्स फाईल प्रोग्रॅमपेक्षा नवी आहे’ म्हणजे कोड बदलला आणि पुन्हा कंपाइल केला नाही. यात एडिटर पुन्हा टाकून काय साधणार? मशीनवर जीडीबीच नसेल तर तो टाकावा लागेल, हे कबूल. पण तो आहे की नाही, हे टर्मिनलमध्ये एकटा जीडीबी चालवला की मिनिटभरात कळतं. तिथे ‘ब्रेक मेन’, ‘रन’ नीट चाललं, तर दोष एडिटरच्या जोडणीत.

ईमॅक्सचं मला कौतुक वाटतं. ‘-आय=एमआय’ लिहायला विसरलात तर तो सरळ सांगतो की तुम्ही हे लिहिलं नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, राजेहो. मराठी शाळेतून गेलेलं पोर लाल इंग्रजी वाक्य दिसलं की न वाचताच बंद करतं. त्याला वाटतं, कोणी रागावतंय. वरून सर म्हणतात, पुन्हा टाक. दोन सेमिस्टर असं झालं की ‘आपल्याला हे जमत नाही’ असं ते स्वतःच ठरवून मोकळं होतं. २०२१ साली एआयसीटीईने मराठीसह आठ भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, छानच झालं. पण पुस्तक मराठीत आलं तरी पोरांपुढे येणारी ही वाक्यं इंग्रजीच असतात. नेहमी भेटणारी दहा-बारा वाक्यं एका तासात फळ्यावर सोडवून दाखवता येतील.

यावर ‘सिलॅबस संपवायचा असतो, वेळ कुठे आहे’ हे उत्तर ठरलेलं. मग चाळीस पोरांना तेच सॉफ्टवेअर दोन-दोनदा टाकायला लावण्यात प्रॅक्टिकलचे तास जातात, ते कोणत्या सिलॅबसमध्ये बसतात?