गावातल्या विहिरी मुलांना मोजू द्या

जलचक्राचे चित्र शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असते. समुद्र, सूर्य, वाफ, ढग, डोंगरावरचा पाऊस आणि पुन्हा समुद्राकडे निघालेली नदी. चित्राच्या तळाशी एक निळा पट्टा असतो, त्यावर ‘भूजल’ असे लिहिलेले असते आणि धडा तिथेच संपतो. मुलांना वाटते, जमिनीखाली कुठेतरी पाण्याचे मोठे तळे भरलेले आहे आणि पुरेसे खोल गेले की ते लागते. मोठ्यांची समजूतही फारशी वेगळी नसते. बोअर कोरडे गेले की आणखी शंभर फूट खाली जायचा निर्णय याच समजुतीतून होतो, आणि त्यापायी कित्येक शेतकरी कर्जात बुडाले आहेत.

म्हणून गावोगावच्या विहीरमालकांना, शिक्षकांना आणि ग्रामपंचायतींना हे आवाहन आहे. गावातल्या दोन-तीन विहिरींची पाणीपातळी वर्षभर मुलांच्या हातून मोजून घ्यावी आणि ते आकडे साऱ्या गावाला दिसतील अशा ठिकाणी लिहावेत.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात जमिनीखाली तळे नाही. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बसाल्टवर, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या खडकावर उभा आहे. हा खडक कसा असतो ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. न बांधलेल्या जुन्या विहिरीत डोकावले की सगळे उघडे दिसते. वर हात-दोन हात काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मऊ मांजऱ्या आणि तळाकडे सुरुंगाच्या खुणा असलेला काळा पाषाण. पाऊस सरल्यावर पाहिले तर पाणी नेमके कुठून येते तेही कळते. मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यावर ओली रेघ उमटलेली असते, एखाद्या भेगेतून झरा लागलेला असतो आणि त्याच्याखाली शेवाळ धरलेले असते. अखंड पाषाण मात्र ठणठणीत कोरडा असतो. जसजसे खोल जावे तसतशा भेगा सहसा कमी होतात आणि मिटत जातात. पाचशे-सहाशे फुटांवर पाणी लागेलच असे का सांगता येत नाही, ते विहिरीची ही भिंत एकदा नीट पाहिलेल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला गाळाचा प्रदेश याला अपवाद आहे. तिथे पाणी वाळू-गाळात खोलवर साठते, पण उपसा भरपाईपेक्षा जास्त झाला की तिथलेही पाणी दर वर्षी खाली जाते.

हे पाणी येते कुठून, याचे उत्तर मुलांना नकाशावर देता येते. नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रावरची वाफ घेऊन सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर असतो. जो पडतो त्यातलाही बराचसा ओढ्या-नाल्यांनी वाहून जातो, बराचसा माती आणि झाडे-पिके पुन्हा हवेत सोडतात. बसाल्टच्या भेगांत मुरतो तो साधारण दहावा हिस्सा, कुठे त्याहून थोडा जास्त तर कुठे कमी. मुरलेले पाणीही तिथे बसून राहत नाही. ते उताराच्या दिशेने सावकाश सरकते आणि खालच्या अंगाला ओढ्यात पाझरते. डिसेंबरात पाऊस नसताना ओढा वाहतो तो या पाझरावर. पूर्वी होळीपर्यंत वाहणारा ओढा आता संक्रांतीलाच का आटतो, हा प्रश्न मुलांनी घरच्या आजी-आजोबांना जरूर विचारावा.

मोजणी सोपी आहे. लांब दोरीला दगड बांधायचा, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारायची आणि विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करून दर वेळी तिथूनच दोरी सोडायची. दगड पाण्याला टेकला की ‘डुबुक’ असा आवाज येतो आणि पाण्यावर तरंग उठतात. तिथवरची लांबी मोजायची आणि कठड्याची उंची वजा करायची. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद केलेली असताना घेतलेला आकडा फसवा असतो, म्हणून सकाळी उपसा सुरू होण्याआधी मोजावे. विहिरीला मजबूत कठडा असलाच पाहिजे आणि दोरी धरायला मोठे माणूस हजर असलेच पाहिजे. बिनकठड्याच्या विहिरीवर मुलांना नेऊ नये. यात तडजोड नको.

आकडे हाती आले की खरी मजा सुरू होते. समजा, ऑक्टोबरमध्ये पाणी ३ मीटरवर होते आणि मेअखेरीस ९ मीटरवर गेले. सहा मीटर म्हणजे केवढे पाणी, असे वाटते. पण अशा खडकात उपसता येण्याजोगे पाणी घनफळाच्या दोनेक टक्केच असते. म्हणजे सहा मीटर पातळी उतरली तेव्हा प्रत्यक्षात निघाले १२ सेंटिमीटर पाणी, हेक्टरी १२ लाख लिटर. उसाला वर्षभरात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, हेक्टरी किमान दीड कोटी लिटर. त्यातले काही पावसातून मिळते, काही ठिकाणी कालव्यातून. बाकीचे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेताखालून ओढले जाते. सातवीतला मुलगा हे गणित वहीत सोडवू शकतो आणि घरी जाऊन सांगू शकतो.

सरकारी मोजणी आहेच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निवडक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा घेते. त्यातून पाणलोटाचा आणि तालुक्याचा अंदाज येतो. पण महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावे आहेत. एका शिवारातल्या वरच्या आणि खालच्या आळीतला फरक त्या विहिरी दाखवू शकत नाहीत. तो गावालाच शोधावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो शोधला. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध आणि झाडे झाली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट. हे गाव दर वर्षी पाऊस आणि विहिरी मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून ग्रामसभेत पिके ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला आहे. वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात बांधलेले बंधारे तेवढे पुरले नसते.

एक अडचण आधीच सांगितली पाहिजे. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची नोंद मेअखेरीची, पाणी सर्वांत खाली असतानाची आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी असते. तेव्हा ती नोंद शिक्षकांवर सोडून चालणार नाही. विहीरमालकाने, ग्रामपंचायतीच्या सदस्याने किंवा गावातल्या एखाद्या तरुण मंडळाने सुट्टीत गावात असलेल्या पोरांना हाताशी धरून मृग लागण्यापूर्वी ती घ्यावी. शाळा उघडली की पुढच्या नोंदी पावसाळाभर आठवड्याला एक आणि नंतर महिन्याला एक अशा घेता येतील. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवला तर पावसाचा आकडाही त्याच पानावर येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे मुलांना सांगितले की पुढचे हिशेब ती आपणच करतात.

ग्रामपंचायतीने चावडीच्या भिंतीवर दोन हात जागा काळ्या रंगाने रंगवून द्यावी. तिच्यावर विहिरीचे नाव, तारीख, पाऊस आणि पातळी असे चार रकाने पुरतील. रब्बीच्या पेरणीआधी होणाऱ्या ग्रामसभेत मुलांनी ते आकडे उभे राहून वाचून दाखवावेत.