माळ पडीक नाही, माउली



वारीच्या वाटेवर उघडा माळ दिसला की बियांचे गोळे टाकायचे, रोपे लावायची आणि पुण्य जोडले म्हणायचे, अशी चाल अलीकडे पडली आहे. नारदांच्या गादीवर उभे राहून मीही कितीतरी वर्षे लोकांना हेच सांगितले. आता गादीवरून उतरलो आहे, तेव्हा स्पष्ट सांगतो: माझे ते सांगणे चुकीचे होते.

चूक एका शब्दात आहे. तो शब्द ‘पडीक’. नांगर लागत नाही, झाड दिसत नाही, म्हणून जमीन पडीक असे आपण म्हणतो. सरकारी नकाशेही तेच म्हणतात. पण बारामती, इंदापूर, सोलापूरकडच्या कमी पावसाच्या मुलखात गवत हीच निसर्गाने वसवलेली वस्ती आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही तिथली मूळची रहिवासी. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल त्यांच्याच आधाराने जगतात. नान्नजचा माळ १९७९ साली माळढोकासाठी राखला, तो काय पडीक म्हणून?

एकेका झाडाचा नव्हे, सबंध मुलखाचा विचार करणारे अभ्यासक आहेत. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या अशा कोरड्या, उघड्या निसर्गभूमीचा नकाशा केला. देशाच्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा ती व्यापते. अभयारण्यांचे संरक्षण मात्र तिच्यातल्या ५ टक्क्यांहूनही कमी जागेला आहे.

पूर्वपक्ष असा: तुकोबारायांनी झाडांशी नाते सांगितले, मग झाड लावण्यात दोष कसला? अहो, महाराजांनी त्या गोतात वेली घेतल्या, वनचरही घेतले. एका सोयऱ्याला बसवण्यासाठी दुसऱ्याचे घर मोडा, असे त्यांनी कोठे सांगितले? माळावर चर खणून गिरिपुष्पाच्या दाट रांगा लावल्या की सावलीने गवत मरते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखराला शत्रू लांबून दिसावा लागतो. झाडांच्या गर्दीत तो दिसत नाही. आणि रोपवनाला कुंपण पडले की मेंढ्यांची चराई बंद.

काटेवाडीला तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. आपण हात जोडतो, डोळे भरून येतात. त्या मेंढ्या वर्षभर कशावर जगतात, हे कधी विचारले? पालखीपुढे मेंढीला मान द्यायचा आणि पालखी पुढे गेली की तिचे कुरण बंद करायचे, ही भक्ती नव्हे, दंभ आहे.

झाडे लावूच नका असे मी म्हणत नाही. पालखीमार्ग रुंद करताना जुने वड गेले. तेथे वड, पिंपळ, कडुनिंब लावा. बांधावर, गावठाणात लावा, आणि नुसते लावू नका, जगवा. उद्याच्या वारकऱ्याला सावली होईल.

माळावर मात्र हात आवरा. रोप काढण्याआधी तिथल्या मेंढपाळाला विचारा, “दादा, इथं गवत कोणतं? पाखरू कोणतं अंडी घालतं?” त्याने दोन नावे सांगितली, तर समजा, ते घर भरलेले आहे. भूतमात्रात पांडुरंग पाहायचा म्हणतो ना आपण? मग गवताची काडी त्यातून वगळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

रामकृष्ण हरी.